वेळीच विचारणारं कुणीतरी

वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूटांच्या राजाश्रयावर घडलं. नुसत्या छिन्नीनं डोंगर कोरला जात नाही. पाठीशी कुणीतरी लागतं.

याच वेरूळात माझ्या बालमित्राची पानटपरी होती. दारूनं तो गेला. "पुण्याला उपचाराला चल," म्हटलं, तर म्हणायचा, "महिनाभर टपरी बंद ठेवली तर चूल कशी पेटेल, भाई?"

पुण्यात १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. अनिता अवचटांनी ते उभं केलं. पण दूरच्या गावाचं काय?

गोव्यात 'संगाथ' संस्थेनं उपचारच गावाजवळ नेला. पैसा ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा. २०१३ ते २०१५ या काळात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ३७७ पुरुष निवडले. निम्म्यांशी प्रशिक्षण दिलेली साधी माणसं बोलली. ती डॉक्टर नव्हती. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ३६ टक्क्यांचं घातक पिणं थांबलं होतं. इतरांत हेच प्रमाण २६ टक्के. २०१७ साली 'लॅन्सेट'नं हे छापलं.

हा प्रयोग पुरत्या आहारी गेलेल्यांसाठी नव्हता, त्याआधीच्या पायरीवरच्यांसाठी होता. माझा मित्रही कधीतरी त्या पायरीवर होताच. तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.