तळटीप १४ : ब्रेक नसलेले स्केट

१४. जॉन जोसेफ मर्लिन हा आजच्या बेल्जियममधून लंडनला आलेला यंत्रकार आणि वाद्यनिर्माता. सोहोतल्या कार्लाइल हाउसमध्ये चाकांवर फिरत व्हायोलिन वाजवताना तो एका मोठ्या आरशावर आदळला, ही हकिकत १८२५ साली छापली गेली. किस्सा रंगवलेला असू शकतो, पण त्यातले तांत्रिक कारण पटते : त्या स्केटवर धड वळता येत नव्हते, थांबताही येत नव्हते. वळण्याची सोय १८६३मध्ये अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टनने केली. थांबण्यासाठी पुढे चवड्याजवळ रबरी गुटका आला. वेगात पुढे जाताना तो एकदम टेकवला तर माणूस तोंडघशी पडतो. म्हणून जाणते खेळाडू गिरकी घेऊन पाठमोरे होतात आणि मगच तो दाबतात. एका रांगेत चाके असलेल्या स्केटला गुटका टाचेमागे असतो. तिथे पाय पुढे सरकवून चवडा उचलावा लागतो, आणि नवशिक्याचा तोल नेमका त्याच क्षणी जातो. १९९०च्या दशकात रोलरब्लेड कंपनीने बुटाच्या घोट्यावरच्या भागाला एक दांडी जोडली. पाय पुढे सरकला की पोटरी मागे रेलते, दांडी गुटका खाली ढकलते आणि सगळी चाके जमिनीवरच राहतात. या साऱ्या शोधांत मला हाच सर्वांत मोलाचा वाटतो, कारण घाबरलेल्या माणसालाही तो वापरता येतो. — संपा.