दोन्ही घरचा पाहुणा

आमच्या जालन्याच्या मोंढ्यात आडत्या कोणाचा, हे विचारावे लागत नाही. विमा एजंटाचे तसे नाही. तो सल्ला देतो आपल्याला, आणि त्याचे कमिशन येते कंपनीकडून. मग हा माणूस कोणाचा? त्याच्या संघटनांचा इतिहास चाळताना हाच प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटला.

मी शाळामास्तर. कमिशनची उदाहरणे मुलांना नेहमी घालतो. पण 1938 च्या विमा कायद्यातील 41 वे कलम गणिताच्या पलीकडचे आहे. एजंटाने आपल्या कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला देऊन विमा खपवू नये, असे ते बजावते. तेव्हा दंड 500 रुपयांपर्यंत होता. 2015 च्या दुरुस्तीने तो 10 लाखांपर्यंत नेला. गिऱ्हाइकाला वाटते, सूट बुडाली! पण जो आपली भाकरी वाटून विमा विकतो, तो अडचणीच्या वेळी कशाच्या बळावर उभा राहणार?

हा कायदा झाला तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होते. 1948 साली मराठवाडा मुक्त झाला. 1 सप्टेंबर 1956 रोजी 245 विमा संस्थांचे मिळून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. एजंट मात्र त्याचा नोकर नव्हे. पगार नाही, रजा नाही, काम तेवढे कमिशन. या विखुरलेल्या माणसांची ‘लाइफ इन्शुरन्स एजंट्स फेडरेशन ऑफ इंडिया’ 1964 मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढली. बियाणे काय, विमा काय, दोन्ही विश्वासावर घ्यायच्या वस्तू. उगवेपर्यंत खरेखोटे कळत नाही!

आजारपणाचा विमा सामान्य घरांत शिरू लागला तो 1986 साली सरकारी कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणल्यावर. पुढे खासगी कंपन्या आल्या, आणि 2001 मध्ये ‘इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशन ऑफ इंडिया’ ही ब्रोकरांची संघटना निघाली. एजंट कंपनीचा प्रतिनिधी, ब्रोकर गिऱ्हाइकाचा, असा कायद्याचा भेद. गावात मात्र दोघेही ‘एजंट’च!

हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी उठवावा, ही एजंटांच्या संघटनांची मागणी होती. नागपूरच्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेने निवेदन दिले, तेव्हा जुलै 2024 मध्ये नितीन गडकरींनी तसे पत्र अर्थमंत्र्यांना लिहिले. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा आणि आयुर्विम्यावरचा हा कर गेला. घरोघर समाधान झाले. पण कंपन्यांना आपल्या खर्चावरच्या कराची वजावट मिळेनाशी झाली, आणि अनेकींनी तो भार कमिशनावर टाकला. ज्यांनी गिऱ्हाइकासाठी मागितले, त्यांच्याच ताटातले कमी झाले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तो असा.

संघटनांनी कमिशनासाठी जरूर भांडावे. पोट कोणाला चुकले आहे? पण तेवढ्याच तिडिकीने त्यांनी नाकारलेल्या दाव्यासाठीही भांडावे. अंबडच्या एखाद्या विधवेचा दावा एका शब्दावरून अडतो, तेव्हा तिच्या बाजूने कोण बोलते, यावरच एजंट कोणाचा हे ठरते.

तेव्हा वाचकहो, यंदा तुमचा एजंट फराळाला आला, तर त्याला चकली वाढताना एवढेच विचारा: ‘गेल्या वर्षी तुमच्या संघटनेने किती अडलेले दावे सोडवले?’