टोपी, कॉलर आणि पगडी: शाळेचा एक नियम कसा वाचायचा?

मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, शाळेचा ड्रेसकोड हा काय इतिहासाचा विषय आहे का? साधनं कुठून आणणार?" प्रश्न रास्त आहे. शाळा हजेरीपट जपते, निकाल जपते, ट्रॉफ्या तर काचेच्या कपाटात लावते. पण केस किती लांब चालतील हे कुणी, कधी आणि का ठरवलं, याची फाईल सहसा कुणी ठेवत नाही. नियम डायरीच्या मागच्या पानावर छापलेला असतो, दरवर्षी तसाच पुढे सरकतो आणि डायरी रद्दीत जाते. आमच्या शाळेत दोन घट्ट वेण्या आणि काळ्या रिबिनी सक्तीच्या होत्या. का, असं दहा वर्षांत कुणीच विचारलं नाही, त्यामुळे उत्तरही कुठे लिहिलेलं नाही.

नियमामागचं कारण कागदावर येतं ते कुणीतरी तो पाळायला नकार देतं तेव्हा. म्हणून मी त्याला एक खटला वाचायला दिला. तोच आज तुम्हालाही देतेय.

जुलै १९७८. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम शहर, पार्क ग्रोव्ह नावाची खासगी शाळा. एक शीख वडील मुलाला प्रवेशासाठी घेऊन येतात. शाळेचा नियम असा की मुलांनी गणवेश घालायचा, त्यात टोपी आली, आणि केस कॉलरला टेकता कामा नयेत. मुलाचे केस न कापलेले, डोक्यावर पगडी. मुख्याध्यापक डॉवेल ली यांनी पगडीसह प्रवेश द्यायला नकार दिला. वडील तडजोडीला तयार नव्हते. त्यांनी वांशिक समानतेसाठी नेमलेल्या सरकारी आयोगाकडे तक्रार केली आणि आयोगाच्या पाठिंब्याने प्रकरण कोर्टात गेलं. कायद्याच्या पुस्तकांत ते 'मांडला विरुद्ध डॉवेल ली' या नावाने सापडतं.

आता मुख्याध्यापकांची बाजू ऐका. घाईघाईने त्यांना खलनायक करू नका, नाहीतर तुमचा चॅप्टर तिथेच संपेल. या शाळेत जवळपास ३०० मुलं होती. दोनशेच्या वर इंग्रज, बाकीच्यांत ३४ हिंदू, १६ इराणी, ७ चिनी आणि हो, ५ शीखसुद्धा. हे पाच जण पगडी न घालता येत. मुख्याध्यापकांचं म्हणणं असं की वेगवेगळ्या वंशांची आणि वर्गांची मुलं एकत्र शिकतात, म्हणून बाहेरून दिसणारा फरक कमीत कमी ठेवायचा. शिवाय शाळा ख्रिस्ती वळणाची, त्यात पगडी म्हणजे दुसऱ्या धर्माची जाहीर खूण. यातलं पहिलं कारण आपल्याकडच्या कुठल्याही पालकसभेत आजही ऐकू येईल. गणवेशाने गरीब-श्रीमंत भेद दिसत नाही, हेच आपणही म्हणतो ना?

कायद्याची अडचण वेगळीच होती. १९७६च्या ब्रिटिश रेस रिलेशन्स अ‍ॅक्टमध्ये रंग, वंश, राष्ट्रीयत्व, एथनिक किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करायला बंदी होती. धर्म त्या यादीत नव्हता. म्हणजे वडिलांनी "हा आमच्या धर्मावर अन्याय आहे" एवढंच म्हटलं असतं तर दावा तिथेच संपला असता. शीख हा एक 'एथनिक' गट आहे, हे सिद्ध करावं लागणार होतं.

खालच्या कोर्टात ते हरले. १९८२मध्ये अपील कोर्टातही हरले. तिथे लॉर्ड डेनिंग यांनी शब्दकोश काढले. त्यांच्या मते 'एथनिक' म्हणजे शेवटी वंश, आणि पंजाबातले शीख इतरांपासून वेगळे होतात ते धर्माने, रक्ताने नव्हे. इथे मराठीत लिहिणाऱ्यांनी जरा थांबावं. आपण 'एथनिक'ला सर्रास 'वांशिक' म्हणतो. हा शब्द वापरून निकालाचा गोषवारा लिहून बघा, डेनिंग बरोबरच वाटायला लागतात! वाद ज्या शब्दाच्या अर्थावर आहे, त्याचा अनुवाद करतानाच आपण निकाल देऊन बसतो. मी सिनॉप्सिसमध्ये हीच चूक केली होती आणि गाईडने तिथे लाल पेनने मोठा गोल केला होता. तेव्हापासून मी 'एथनिक' तसाच ठेवते.

२४ मार्च १९८३ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला, पाचही न्यायाधीश एकमताने. लॉर्ड फ्रेझर यांनी कसोटी मांडली. दीर्घ सामायिक इतिहासाची जाणीव आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा, या दोन गोष्टी हव्यातच. भाषा, साहित्य, धर्म, मूळ प्रदेश वगैरे असतील तर मदतीला. शीख यात बसतात.

पण मला या निकालात सगळ्यात जास्त आवडतो तो एका साध्या क्रियापदावरचा भाग. नियम सर्वांना सारखाच असला, तरी एखाद्या गटातले फारच कमी लोक तो पाळू 'शकत' असतील आणि नियमाला पुरेसं समर्थन नसेल, तर तो भेदभाव, असं कलम होतं. बचाव सोपा होता: पगडी काढता येते की! हाताने काढायची, बस. त्या अर्थाने कुणीही कुठलाही नियम पाळू शकतो. फ्रेझर म्हणाले, 'शकणे' म्हणजे शरीराने शक्य असणे एवढंच नाही. त्या समाजाच्या चालीरीतींशी सुसंगत राहून प्रत्यक्षात पाळता येणे. तुम्ही हिजाबावर, जानव्यावर, केसांवर, कशावरही काम करणार असाल तर हा परिच्छेद मूळ इंग्रजीत दोनदा वाचा.

आता साधन म्हणून यातले खड्डे. निकालपत्रात वकील, न्यायाधीश, मुख्याध्यापक भरभरून बोलतात. ते पाच शीख विद्यार्थी मात्र फक्त एका आकड्यात येतात. त्यांनी केस कधी कापले, घरी काय झालं, याला कोर्टात जागा नव्हती, कारण ते वादी नव्हते. ज्यांनी नियम पाळला ते निकालपत्रात सापडत नाहीत. त्यांच्यासाठी शाळेचे ग्रुप फोटो, आठवणी, मुलाखती यांकडे जावं लागतं.

दुसरा खड्डा असा की कसोटीने काहींना आत घेतलं, तसं काहींना बाहेरही ठेवलं. १९९३मध्ये अपील कोर्टाने रास्ताफारी लोकांना एथनिक गट मानलं नाही. त्यांचा सामायिक इतिहास जेमतेम साठ वर्षांचा, म्हणून. तो दावा केसांच्या जटांमुळे नोकरी नाकारलेल्या एका ड्रायव्हरचा होता. परंपरा किती जुनी असली की डोक्यावरचे केस वाचतात, असा एक विचित्र हिशोब त्यातून तयार झाला. शाळांच्या बाबतीत धर्मावरून भेदभावाला बंदी आली ती २००६च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टने.

राहिला तो मुलगा. लॉर्ड्सचा निकाल लागेपर्यंत साडेचार वर्षांहून जास्त काळ गेला होता. तो केव्हाच दुसऱ्या शाळेत शिकत होता, आणि तिथे पगडी चालत होती.