विषाणूंच्या डीएनए रेणूची टोके
ज्या विषाणूंचा जनुकसंच सरळ, म्हणजे वर्तुळाकार नसलेल्या, डीएनए रेणूच्या स्वरूपात असतो, त्यांच्यापुढे प्रतिकृती तयार होताना टोकांची अडचण उभी राहते. डीएनए जोडणारे पॉलिमरेज एंझाइम नवी साखळी स्वतः सुरू करू शकत नाही. त्यास एक आरंभक तुकडा लागतो. हा तुकडा सामान्यतः आरएनएचा असतो व मागाहून काढला जातो. मधल्या भागातील अशी पोकळी भरून निघते; टोकाशी मात्र तिला आधार उरत नाही. परिणामी दर पिढीस रेणू आखूड होत जावा. हा पेच ए. एम. ओलोव्हनिकोव्ह यांनी रशियात १९७१ मध्ये व जे. डी. वॉटसन यांनी अमेरिकेत १९७२ मध्ये मांडला.

गंमत अशी की, त्याचे एक उत्तर आधीच हाती होते. लॅम्डा या जीवाणुभक्षी विषाणूची टोके परस्परांस चिकटतात, हे ए. डी. हर्शी व त्यांचे सहकारी यांना १९६३ मध्येच आढळले होते. प्रत्येक टोकास १२ न्यूक्लिओटाइडांचा एकेरी, परस्परपूरक भाग असतो. जीवाणूत शिरताच रेणू वर्तुळाकार होतो आणि टोक उरतच नाही. देवीच्या लशीतील व्हॅक्सिनिया विषाणूत तर दोन्ही धागे टोकाशी वळून एकमेकांस जोडलेले असतात (१९७४).

ॲडेनोविषाणूची रीत याहून विलक्षण आहे. त्याचा डीएनए सु. ३६,००० क्षारक-जोड्यांचा असून दोन्ही टोकांस सु. १०० जोड्यांचा एकच क्रम उलट दिशेने असतो. १९७३ मध्ये कॅनबेरा येथे ए. जे. डी. बेलेट यांच्या प्रयोगशाळेत हा डीएनए प्रथिनभंजक एंझाइमाविना वेगळा केला असता वर्तुळाकार दिसला. एंझाइम वापरताच तो सरळ झाला. अर्थात टोकांस प्रथिन जोडलेले होते. हे प्रथिनच आरंभक असावे, अशी कल्पना १९७७ मध्ये पुढे आली व नंतर खरी ठरली. प्रथिनातील सेरीन या ॲमिनो अम्लावर पहिले न्यूक्लिओटाइड बसते, तेथून साखळी वाढते, आणि हा आरंभक काढावा लागत नसल्याने पोकळीही राहत नाही.

या ज्ञानाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध पुण्यात आला. सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेने तयार केलेली कोव्हिशील्ड लस १६ जानेवारी २०२१ पासून देशात देण्यात आली. ऑक्सफर्ड विद्यापीठात चिंपँझीच्या ॲडेनोविषाणूत बदल करून ती सिद्ध करण्यात आली होती. लस घेणाऱ्याच्या शरीरात विषाणू वाढू नये म्हणून त्यातील ई१ ही जनुके वगळली होती. टोके मात्र कायम ठेवली होती. कारखान्यात ई१ जनुके पुरविणाऱ्या पेशींमध्ये विषाणू वाढवीत असत, पण टोकांविना तेथेही त्याची प्रत निघाली नसती.