पानगळीचे रंग आणि त्यांचे जाणकार

नाताळचे तारे अजून सज्जांत लटकत असतात, तोच रावेत येथील आमच्या वसाहतीतला देशी बदाम रंग पालटू लागतो. हिरव्या पानाच्या कडेने प्रथम पिवळी, मग नारिंगी आणि शेवटी डाळिंबी छटा पसरत जाते. जानेवारीत हीच पाने वाहनतळावर पडतात आणि तेथून वादाला तोंड फुटते. वसाहतीच्या सभेत, झाड ‘फार कचरा करते’ म्हणून ते तोडण्याचा ठराव आला. आम्ही विरोध केला, तेव्हा एका सुविद्य गृहस्थांनी आम्हांस सुनावले की, पानांचे रंग पाहावयाचे तर परदेशी जावे. आपल्याकडे पाने नुसती वाळतात. त्या एका वाक्याने आम्हांस हा लेख लिहावयास लावले.

त्या गृहस्थांना तरी दोष कसा द्यावा? इंग्रजी पुस्तकांतला ‘ऑटम’ मराठीत ‘शरद’ म्हणून उतरला आणि दोन निराळे ऋतू एका नावाखाली कोंडले गेले. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस ओसरलेला, आकाश धुतलेले, पवनेला अजून पाणी आणि झाडे पानांनी लवलेली. दसऱ्याला सोने म्हणून वाटले जाणारे आपट्याचे पानसुद्धा हिरवेच असते! खरी पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली; बहुधा राखेच्या बुधवारच्या मागेपुढे ती भरात येते. गतवर्षीच्या झावळ्यांची राख आपण कपाळी घेतो, त्या दिवसांत बाहेर सावर निष्पर्ण उभी असते आणि पळसाने पाने टाकून काळपट मखमली कळ्या धरलेल्या असतात.

थंड देशांत दिवस लहान होऊ लागले, गारठा वाढला की पानातील हरितद्रव्य विघटित होते. त्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो. तांबडा मात्र पुष्कळ झाडांत त्याच वेळी नव्याने तयार होतो. आपल्याकडे थंडीपेक्षा पाण्याचा तुटवडा हे मोठे कारण. जमिनीतली ओल उतरते आणि पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचविण्यासाठी झाड पानांचा भार उतरविते. सागासारखी झाडे फारसा थाट न करता तपकिरी होऊन गळतात, हे खरे. देशी बदाम मात्र पान सोडण्यापूर्वी ते रंगवितो.

पानांकडे अशा बारकाईने पाहण्याची परंपरा आमच्या परिसराला नवी नाही. रावेतवरून वाहणारी पवना खाली दापोडीस मुळेला मिळते. त्या दापोडीत, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२८ च्या सुमारास सरकारी वनस्पतिउद्यान निघाले. १८३८ पासून त्याचे अधीक्षक होते अलेक्झांडर गिब्सन, एक स्कॉटिश डॉक्टर. औषधी वनस्पती लावून त्यांनी सरकारी दवाखान्यांना औषधे पुरविली. पुढे १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगरावरील झाडी तोडल्याने पाण्याचे झरे आटतात, हे त्या काळी त्यांनी सरकारपुढे मांडले होते. त्यांच्यासाठी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराने तेथील वनस्पतींची रंगीत चित्रे काढली. त्यांतील १७१ चित्रे एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानात आहेत आणि २००२ साली हेन्री नोल्टी यांनी त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच कळते. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पान आणि पान रंगविणारा हा मनुष्य कदाचित आपल्याच समाजातला असेल, या विचाराने आम्हांला हुरहूर लागते.

नावे राहिली ती पुढच्या पिढीतल्या येशूसंघीय धर्मगुरूंची. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस फादर एथेलबर्ट ब्लाटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह तेथे आजही आहे. वॉल्टर मिलार्ड यांच्यासह त्यांनी भारतातील सुंदर वृक्षांवर लेखमाला लिहिली. फादर १९३४ मध्ये निवर्तले आणि १९३७ मध्ये तिचे पुस्तक झाले. त्यांच्या मागून आलेले स्पॅनिश फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव आम्हांस अधिक जवळचे वाटतात, कारण त्यांचे क्षेत्र आमच्याच लोहमार्गावरचे. वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत पुनःपुन्हा हिंडून त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. कोणती वनस्पती कोठे सापडली, केव्हा फुलली, केव्हा फळली, अशा साध्या नोंदींनी तो भरलेला आहे. अशी नोंद करावयाची तर एकाच वाटेने ऋतू पालटला की पुन्हा जावे लागते. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले, १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्याच खंडाळ्याच्या घाटात मार्च महिन्यात जाऊन पाहावे. कुसुंबाचे झाड लांबून फुललेले वाटते. जवळ गेल्यावर कळते की ही फुले नव्हेत, कोवळी पालवी आहे, लालभडक. थंड देशांत जो तांबडा रंग गळणाऱ्या पानाला येतो, त्याच जातीचे रंगद्रव्य येथे जन्मणाऱ्या पानात उतरते. हिरवेपण भरेपर्यंत उन्हापासून आणि किडींपासून ते पानाचे रक्षण करीत असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. इतके लांब जाण्याची सवड नसेल तर पिंपळ आहेच. त्याची तांबूस, पारदर्शक पालवी सकाळच्या उन्हात पाहिली की रुग्णशय्येवरील माणूससुद्धा खिडकीशी येईल.

रावेत १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. त्यानंतर शेते गेली, बांध गेले आणि बांधांवरची झाडेही गेली. उरलेल्यांना १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचा आधार आहे. परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. आम्ही सभेत तो कायदा वाचून दाखविला. एक डाळिंबी पानही नेले होते. ते हातोहाती फिरले आणि काही वेळाने ठराव तहकूब झाला. पुढील सभा फेब्रुवारीत आहे. त्या सुमारास जुनी पाने गळून गेलेली असतील आणि नवी कदाचित फुटलेली नसतील. झाड अगदी उघडेबोडके दिसेल, हीच आम्हांस धास्ती आहे.