हंगामी मजुरी आणि बाळंतपणाची रजा

गेल्या मार्गशीर्षात आमच्या चिंचवडच्या घरी एक तरुण बाई आली. हातात चुरगळलेल्या कागदांची एक पिशवी होती. "गुरुजी, एवढे दिवस मोजून द्या," एवढेच ती म्हणाली. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत ती सुट्या भागांच्या बांधणीचे काम करते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत मागणीचा जोर असतो, तेवढ्यापुरते तिला बोलावितात आणि जोर ओसरला की घरी पाठवितात. वैशाखात, म्हणजे मे महिन्यात, तिचे बाळंतपण होते. यंदाच्या ऑगस्टपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तिला ८६ दिवसांची मजुरी मिळालेली होती. सत्तर दिवस भरले की भत्ता मिळतो, असे तिने ऐकले होते. तेव्हा ८६ म्हणजे काम झालेच, अशी तिची समजूत. ती समजूत कितपत खरी होती ते शेवटी सांगेन. परंतु हे सत्तर दिवस, ऐंशी दिवस, नऊ महिने असले आकडे कायद्यात आले कोठून, याचा शोध घेता घेता मी शंभर वर्षे मागे गेलो. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

इ. स. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. हिंदुस्थानातील मजुरांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तेथे गेले होते. प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीस कामावर घेऊ नये आणि प्रसूतीपूर्वी सहा आठवडे रजा घेण्याचा तिला हक्क असावा, या काळात तिच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, असा ठराव त्या परिषदेत झाला. आपल्या सरकारने तो मान्य केला नाही. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात याच विषयावर बिल आणले, तेही नामंजूर झाले. मधल्या काळात मुंबई सरकारने डॉ. बार्नेस या स्त्री-डॉक्टरांकडून गिरण्यांतील बायकांची पाहणी करविली. गिरणीत जाणारी आई तान्ह्या मुलास अफूची 'बाळागोळी' देऊन निजवीत असे, ही गोष्ट त्या वेळी सुशिक्षितांच्या कानांवर आली. ज्या आईला दिवसभर साच्यापुढे उभे राहावयाचे, तिने दुसरे काय करावे?

पुढे मुंबई कायदे कौन्सिलात आसवले यांनी बिल मांडले. त्यावर २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे भाषण झाले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलावा. पण सरकार तो उचलीत नाही तोवर मालक मोकळा सुटू शकत नाही, कारण स्त्रियांस कामास लावण्यात त्याचाही फायदा आहे. या युक्तिवादातला पहिला भाग आपण सहसा विसरतो. खर्च कोणी द्यावयाचा, हा प्रश्न तेव्हाच स्वच्छ मांडला गेला होता.

१९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. प्रसूतीपूर्वी तीन व नंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे. पण अट अशी की, ज्या मालकाकडून भत्ता मागावयाचा त्याच्याकडे सहा महिने नोकरी झालेली असावी. थोड्याच काळात या सहा महिन्यांचे नऊ महिने झाले. मुंबईच्या कापड गिरणीत बाराही महिने साचे चालतात. तेथे नऊ महिन्यांची अट जाचक खरी, पण अशक्य नव्हे. खानदेशातील जिनांकडे पाहा. कार्तिकात कापूस येऊ लागला की जिन सुरू व्हावयाचे आणि उन्हाळा लागला की भोंगा बंद. रेच्यापुढे बसून कापूस घालणाऱ्या बहुतेक बायकाच. वर्षातून पाच महिने जेथे काम, तेथे नऊ महिने कोणी कसे भरावेत? कोणी कायद्यात 'जिनवाल्या बाईस भत्ता नाही' असे लिहिण्याची गरजच उरली नाही. अंकगणितानेच ते काम केले.

पुढे तर या वर्गास नावही मिळाले. १९३४ च्या फॅक्टरी ॲक्टाने कारखान्यांचे दोन भाग केले : बारमाही आणि हंगामी. बारमाही कारखान्यात आठवड्याचे ५४ तास, हंगामी कारखान्यात ६०. म्हणजे हंगाम लहान, म्हणून दिवस मोठा! शेतमालाचा कारखाना थांबून राहत नाही, माल नासतो, हे कारण अगदीच खोटे नव्हते. पण ज्याला वर्षातून कमी महिने मजुरी त्याच्याकडून आठवड्याला अधिक काम, हा न्याय मला अजूनही उमजलेला नाही.

मालकाने भत्ता द्यावयाचा म्हटले की मालक बायका कमी घेतो, हा अनुभव लवकरच आला. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांची संख्या पुढे घटत गेली. त्यास रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे अशी इतरही कारणे होती, हे सांगितले पाहिजे. तरी एकट्या मालकावर बोजा न टाकता सर्वांच्या वर्गणीचा फंड असावा, ही कल्पना यातूनच बळावली. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सरकारास सादर केली आणि तिच्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा जन्मास आला. भत्ता देणारा हात बदलला. आता मालक नव्हे, फंड. योजना उत्तम. परंतु हंगामी कारखाने या योजनेच्याही बाहेर ठेवले गेले : सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने, भुईमूग फोडणारे, साखरेचे, गुळाचे. वर्गणी नियमित यावी तर मजूरही नियमित हवा, हा विमा चालविणाऱ्याचा विचार. विम्याचे शास्त्र जाणणारा यास नावे ठेवणार नाही. परंतु फंडाच्या दाराशी येऊन जी परत गेली ती मात्र तीच जिनातली बाई.

आता आमच्या मुलखाकडे वळू. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही जी बाजरी-ज्वारीची गावे ती पाहता पाहता कारखान्यांची झाली. हे सारे बारमाही कारखाने. चाकणचे तसे उशिरा घडले. ज्या चाकणचा संग्रामदुर्ग १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजविला, आणि मागाहून जे कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाई, त्याच्या भोवती आज मोटारींचे कारखाने आहेत. फिरंगोजीने दिवस मोजले असतील, तसे दिवस मोजणारी माणसे तेथे आजही पुष्कळ आहेत. कारण येथे एक नवाच प्रकार झाला. कारखाना बारमाही, पण मजूर हंगामी! सहा-सात महिन्यांची नेमणूक, मग खंड, मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावे पुन्हा नेमणूक. १९३४ चा कायदा लिहिणाऱ्यांना हंगामी कारखाना ठाऊक होता. बारमाही कारखान्यातील हंगामी माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता.

१९६१ साली सबंध देशासाठी प्रसूतिलाभाचा कायदा झाला तेव्हा नोकरीचे महिने मोजण्याची रीत गेली आणि कामाचे दिवस मोजण्याची आली. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेमागील बारा महिन्यांत १६० दिवस. साखर कारखान्याच्या आत काम करणाऱ्या बाईचा हंगाम १२० दिवसांचा असला तर ती येथेही चाळीस दिवसांनी मागे पडली. मग १९८८ मध्ये दुरुस्ती झाली. १६० चे ८० झाले. या दुरुस्तीचा गाजावाजा फारसा झालेला नाही. २०१७ साली रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, ती मात्र सर्वांस माहीत. मला विचाराल तर हंगामी बाईच्या दृष्टीने १९८८ चे वर्षच मोठे. सव्वीस आठवडे कोणास मिळणार, हे तो ऐंशीचा आकडा ठरवितो. कामाअभावी बसवून ठेवलेले म्हणजे ले-ऑफचे दिवस आणि कायद्याप्रमाणे मिळालेल्या पगारी सुट्ट्या याही त्या ऐंशीत धराव्या लागतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली व १९६१ चा कायदा तीत समाविष्ट झाला. ऐंशी दिवस व सव्वीस आठवडे तसेच राहिले. आणि हंगामी कारखाना राज्य विम्याच्या बाहेर, हेही तसेच राहिले.

आता थोडे गणित करू. जन्मभर तेच शिकविले. समजा एखादी बाई हंगामी कारखान्यात नोव्हेंबर ते मार्च काम करते. तिचे बाळंतपण ऑगस्टात असेल, तर मागील बारा महिन्यांत सबंध हंगाम येतो, चिंता नाही. पण बाळंतपण जानेवारीच्या मध्यास असेल आणि आठ आठवडे आधी, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यासच, ती रजेवर गेली, तर? गेल्या जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेर साप्ताहिक सुट्ट्या वजा जाता पासष्ट दिवस, यंदाच्या नोव्हेंबरचे बारा-तेरा, एकूण सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर. दोन दिवसांनी गेले! तीच बाई रजेवर एक आठवडा उशिरा गेली तर बसते. शिवाय भत्त्याचा दर रजेपूर्वीच्या तीन महिन्यांत काम केलेल्या दिवसांच्या सरासरी मजुरीवर ठरतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर जर ती घरीच असेल, तर सरासरी काढावयाची कशाची? अशा वेळी किमान वेतनाचा आधार तेवढा उरतो. म्हणून दिवस गेल्याचे कळताच पंचांग आणि हजेरीपत्रक शेजारी ठेवून बसावे, आणि मालकास लेखी सूचना द्यावी. सूचना राहून गेली म्हणून हक्क बुडत नाही; पण कागद असलेला बरा.

न्यायालयांनीही या बाबतीत उदार दृष्टी ठेविली आहे. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरील रोजंदारी बायकांना प्रसूतिलाभ द्यावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी दिला. आणि २०२३ साली डॉ. कविता यादव यांच्या दाव्यात त्याच न्यायालयाने असे ठरविले की, कराराची मुदत संपली तरी प्रसूतिलाभ तेथेच तुटत नाही. अट पुरी झाली असेल तर तो मुदतीच्या पलीकडेही द्यावा लागतो. हंगाम संपला, आता तुमचे-आमचे काही नाही, असे सांगणाऱ्या कंत्राटदारास हे दाखविण्याजोगे आहे.

तथापि सगळ्या कायद्यांच्या कडेला एक वर्ग उभा आहेच. हिंजवडीच्या पलीकडे, कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. गळिताच्या दिवसांत पुणे जिल्ह्यात जागोजागी ऊसतोडणीच्या टोळ्यांच्या खोपी दिसतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यावयाची ती दोघांच्या नावे मिळून. बाईचे नाव कोणत्याच हजेरीपत्रकावर नाही. तेव्हा ऐंशी दिवस भरूनही ते सिद्ध करावयाचे कोठे? एक दिवस काम चुकले तर 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा छापखान्याची चूक वाटली. जिला बाळंतपणाची रजा नाही, आजारपणाची नाही, महिन्याच्या चार दिवसांचीही नाही, तिने रजेचा प्रश्न शस्त्रक्रियेने मिटविला, असा त्याचा एक अर्थ होतो. एकटा तोच अर्थ आहे, असे मी म्हणत नाही.

आता आमच्या त्या बाईंचा हिशेब. तिचा कारखाना बारमाही, म्हणून ती राज्य विम्यात येते. तेथे ऐंशीचा नव्हे, सत्तरचा नियम. पण विम्याचे वर्ष दोन सहामाह्यांचे असते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढील जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा पुढील जुलै ते डिसेंबरमध्ये. बाळंतपण मे महिन्यात. तेव्हा चालत आलेल्या नियमाप्रमाणे यंदाच्या सप्टेंबरअखेरची सहामाही आणि तिच्या मागची एक, एवढ्याच जमेस धरावयाच्या. यंदाचे ऑगस्टचे २६ आणि सप्टेंबरचे २४ मिळून ५० झाले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ३६ दिवस, जे तिने पोटुशी असताना उभे राहून काढले, ते या बाळंतपणाला उपयोगाचे नव्हते. हेच बाळ जुलैत येते तर ८६ च्या ८६ धरले जाते.

मी तिला हे सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. मग मी विचारले, "गेल्या दिवाळीत कोठे होतीस?" दुसऱ्या एका कंत्राटदाराकडे, असे ती म्हणाली, पण ते कागद माहेरी, जामखेडला, पेटीत आहेत. विम्याचा नंबर तोच आहे ना, हे मी दोनदा विचारून घेतले. कारण नंबर एक असेल तर मालक दोन असले तरी दिवस एकत्र होतात. आठ दिवसांनी तिचा भाऊ ते कागद घेऊन आला. गेल्या वर्षीचा ऑगस्ट-सप्टेंबर मोजणीतून गेलेलाच होता. ऑक्टोबरचे चोवीस दिवस निघाले. पन्नास आणि चोवीस चौऱ्याहत्तर. ते कागद पुन्हा घडी घालून पिशवीत ठेविताना तिने वरचा एक माझ्याकडे परत दिला आणि म्हणाली, "गुरुजी, हा एकदा पुन्हा मोजा." मी पुन्हा मोजला. चोवीसच भरले.