कांगलुंगचे ज्ञानशिखर

भूतानच्या पूर्व भागात, आसामच्या सखल मुलखातून ट्राशिगांगकडे चढत जाणाऱ्या घाटरस्त्यावर कांगलुंग हे गाव वसले आहे. उंची सुमारे १,९०० मीटर. भूतानमधील पहिले पदवी महाविद्यालय निघाले ते राजधानीत नव्हे, या आडगावी. असे धाडस मोठ्या राष्ट्रांच्या हातूनही क्वचितच घडते.

१९६१ साली भूतानने पहिली पंचवार्षिक योजना हाती घेतली, तेव्हा देशात मोटारीचा एकही रस्ता पुरा झालेला नव्हता. ज्याला पुढे शिकावयाचे असेल त्याने दार्जिलिंग वा कालिंपाँग गाठावे, आणि ते भाग्य थोड्यांचेच. १९६३ मध्ये पंतप्रधान जिग्मे पाल्देन दोरजी यांनी विल्यम मॅकी या कॅनडाच्या जेझुइट धर्मगुरूंना शाळा काढण्यासाठी पाचारण केले. मॅकी यांनी दार्जिलिंगकडे अनेक वर्षे अध्यापन केले होते. बौद्ध राज्यात धर्मप्रसार करावयाचा नाही, हे आधीच ठरलेले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६४ मध्ये, दोरजी यांची फुन्तशोलिंग येथे हत्या झाली. ज्याच्या शब्दावर यावे तोच नाहीसा झाल्यावर परका मनुष्य परतला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता. मॅकी राहिले, १९९५ साली भूतानमध्येच त्यांचा अंत झाला.

प्रथम ट्राशिगांगला शाळा सुरू झाली. मग १९६८ साली कांगलुंगला ‘शेरुबत्से’, म्हणजे ज्ञानाचे शिखर, ही सरकारी निवासी शाळा उघडली. भारतीय सीमासडक संघटनेने आखलेला रस्ता नसता तर तिचे सामान तेथवर पोचणे कठीणच होते. पूर्वेकडील माणसाला थिंफूला जावयाचे तर त्या काळी आधी आसामात उतरून, वळसा घेऊन पुन्हा डोंगर चढावा लागे.

१९७६ मध्ये तेथे विज्ञानाचे पूर्वपदवी वर्ग आले आणि १९८३ मध्ये पदवीचे शिक्षण सुरू झाले. पदवी मात्र दिल्ली विद्यापीठाची! घरी शारचोप बोलणाऱ्या, राष्ट्रभाषा म्हणून झोंखा शिकलेल्या मुलाने इंग्रजीतून दिल्लीच्या परीक्षा द्यावयाच्या. शिक्षकही बरेचसे भारतीय. पदवीला बाहेर मान होता, पण अभ्यासक्रमाची सूत्रे दूरच्या हाती होती. ही स्थिती वीस वर्षे टिकली. २००३ साली भूतानचे राजकीय विद्यापीठ स्थापन होऊन शेरुबत्से त्यात सामील झाले. विद्यापीठाची कचेरी थिंफूला थाटली गेली. महाविद्यालय मात्र कांगलुंगलाच राहिले.